नव्या डिस्कना जुन्यांची भेट

आमच्या थोरल्या साडूंइतका काळजीखोर माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो काळजीपोटी घराबाहेर पडत नसेल. कन्नडला लग्नाचं शूटिंग असलं की हे आदल्या दिवशीच जाऊन मांडवाचे खांब हलवून बघायचे. नळाला पाणी यायच्या दिवशी धार लागायच्या कितीतरी आधी ड्रमपाशी स्टूल टाकून बसतात, आणि पाणी आलं की ते आता जाईल म्हणून घाबरतात. "काळजी नाय केली तर राहतंय का काही?" हा त्यांचा सवाल. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, होती तोवर यावर खदखदून हसायची. शूटिंगला ती साडूंसोबत लाईट धरून उभी असायची, त्यामुळे स्वतः कुठल्याच फोटोत नाही. आहे तो तिचा आवाज, तोही परक्यांच्या लग्नांच्या कच्च्या व्हिडिओंत, कुठे कुठे विखुरलेला. ती गेल्यापासून साडूंचा जीव त्या व्हिडिओंत अडकला आहे.

हे सगळं औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या स्टुडिओत दोन डिस्कच्या जोडीवर असतं. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही. संगणक ही जोडी एका लांबलचक क्रमांकावरून ओळखतो. यंदा दोन्ही डिस्क कुरकुरायला लागल्या आणि साडूंचं जेवण सुटलं. नव्या डिस्क आणून त्यांनी सगळं त्यांच्यावर उतरवलं. दुकानदार म्हणाला, नव्या जोडीला नवा क्रमांक पडलाय, तो राहू द्या, सेटिंग बदला. साडू भडकले. "जुना नंबर मी कुठं कुठं घातलाय, माझं मलाच ठाव नाय. आन् टाक नवे घडवले म्हणून देव नवा होतो व्हय?" त्यांनी जुनाच क्रमांक नव्या जोडीला दिला. इथवर सगळं बरोबर होतं.

पण देव्हाऱ्यातले टाक नवे केले की ते कुलदैवताला भेटवून आणायची आमच्याकडे रीत. साडूंना वाटलं, नव्या डिस्कनाही जुन्यांची भेट घडवावी. त्यांनी हळदीकुंकू लावून चारही डिस्क एकदम जोडल्या. एकाच क्रमांकाच्या दोन जोड्या बघून संगणक गोंधळला, त्याला खरी कुठली ते कळेना, आणि त्याने दोन्ही नाकारल्या. मला फोन आला, "साडूभाऊ, ती गेली वो." कोण, ते मी विचारलं नाही. स्कूटर काढून तडक औरंगपुरा गाठला.

स्टुडिओत साडू संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसले होते. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण टाकांचं कळतं. मी विचारलं, "नवे टाक आल्यावर जुने देव्हाऱ्यात ठेवतात का?"

त्यांचे जोडलेले हात सुटले. "नाय... त्यांचं विसर्जन करत्यात."

त्यांच्याने हात लाववेना, म्हणून जुन्या डिस्क मीच सोडवल्या. संगणक पुन्हा सुरू केला. पडदा उजळला, व्हिडिओंची नावं दिसायला लागली. साडूंनी हाताला लागेल तो व्हिडिओ उघडला आणि डोळे गच्च मिटून घेतले. मीही खाली बघत राहिलो. वैजापूरचं कुणाचं तरी लग्न, बँडचा गलका, आणि त्यातून अगदी जवळून मेहुणीचा आवाज आला, "ओ नवरीबाई, लाजायचं नंतर! आधी मान वर करा."

त्या अनोळखी नवरीबरोबर आम्ही दोघांनीही डोळे पुसत माना वर केल्या.