दोन खान्यांचा निळा पडदा

“सर, पडदा काळाच हाय. नुस्तं ‘लॉगिन’ लिहून राह्यलं, अन् पुढं एक दांडी लुकलुकते.”

फोनवर शोभाताई होत्या. दारव्ह्याच्या एका स्कॅन सेंटरमध्ये नोंदणी, टायपिंग, रिपोर्ट देणं हे सगळं त्या पाहतात. मी यवतमाळला एका छोट्या कंपनीत सपोर्टचं काम करतो. दवाखान्यांचे आणि ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे वेगळं काही नसतं. बाकीच्या कॉम्प्युटरांच्या फायली ज्या एका कॉम्प्युटरवर ठेवतात, तो सर्व्हर. या सेंटरचा सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्यावर पेशंटच्या स्कॅनची चित्रं असतात.

“पहिल्या गाडीनं निघतो,” मी म्हणालो.

“तवर उशीर होईन सर. सलीमभाई समोरच बसले हायेत. त्यायले बारापर्यंत निघा लागते.”

सलीमभाई बोरी अरबचे मोटर मेकॅनिक. त्यांच्या आईच्या, नसीमाबींच्या, फुप्फुसावर गेल्या वर्षी एक डाग दिसला होता. यंदाच्या स्कॅनमध्येही तो होता. नागपूरच्या सर्जननं दुपारी चारची वेळ दिली होती आणि गेल्या वर्षीचा स्कॅन मागितला होता. डाग वाढला असेल तर ऑपरेशन, तेवढाच असेल तर नको. नसीमाबींचं वय सत्तरच्या पुढे. जुन्या फिल्म घरी ट्रंकेत ओल लागून एकमेकींना चिकटल्या होत्या. आता तो स्कॅन असला तर फक्त या सर्व्हरजवळ होता.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या टेबलावरून तो सर्व्हर उघडता येत नव्हता. पेशंटची चित्रं आहेत म्हणून तो इंटरनेटला जोडायचा नाही, असा नियम मीच घातला होता. तेव्हा फोन हाच रस्ता होता.

“ताई, आपण दोघं मिळून करू. माउसला हात लावू नका, तो चालणार नाही. मी सांगतो ते टाइप करा.”

लॉगिन झालं. एक छोटी आज्ञा द्यायला सांगितली. तिचं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं, “शंभर टक्के.” म्हणजे सर्व्हरची डिस्क गच्च भरली होती. जागाच नसली की रंगीत स्क्रीन चालू होत नाही, काळा पडदा तेवढा राहतो.

मग मी त्यांना ‘mc’ ही दोन अक्षरं टाइप करायला सांगितली. मिडनाइट कमांडर नावाचा हा जुना फाइल मॅनेजर आहे. त्याला चित्रं, माउस काही लागत नाही, सगळं अक्षरांत.

“अगं बाई! निळा पडदा आला. दोन खाने हायेत, डावा अन् उजवा.”

“खाली काय दिसतं?”

“एक ते दहा आकडे. पाचापाशी कॉपी, आठापाशी डिलीट.”

हे आकडे म्हणजे कीबोर्डच्या सगळ्यात वरची F1 ते F10 ही बटणं. मी माझ्या लॅपटॉपवरही तेच उघडून ठेवलं, म्हणजे त्यांच्या पावलावर पाऊल टाकता येईल. हे मला येत होतं ते कॉलेजमुळे. आमच्या लॅबमधली मशीन इतकी जुनी होती, की त्यांच्यावर दुसरं काही चालतच नसे. माझे बाबा एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. घरात पदवी घेतलेला मी पहिला. लॅबच्या मॅडम म्हणायच्या, काळ्या पडद्याला घाबरणार नाही त्याला कुठंही काम मिळेल. मला मिळालं.

“बाणाच्या बटणानं पट्टी ‘backup’वर न्या आणि एंटर मारा.”

इथं थोडं सांगायला हवं. हा सर्व्हर रोज रात्री आपोआप दोन कामं करतो. चालू चित्रांची एक प्रत बॅकअपमध्ये ठेवतो आणि सहा महिने झालेली चित्रं बॅकअपमधल्या ‘जुने’ या फोल्डरमध्ये हलवतो. बॅकअप म्हणजे बाहेरून जोडलेली एक वेगळी डिस्क. गेल्या वर्षीचा स्कॅन तिथंच असायला हवा होता.

“‘जुने’ उघडलं सर. नसीमाबीचा नंबर नाही यात.”

“नीट पाहा, हजारो असतील.”

“कायचे हजारो? पडदाबी भरला नाही. तीसेक असतीन.”

मागून सलीमभाईंचा आवाज आला, “क्या हुआ ताई? साफ सांगा नं. माय गाडीत बसून हाय.”

तेवढ्यात सेंटरच्या डॉक्टरांनी फोन घेतला. “अहो, डिस्क भरली आहे ना? मग तो बॅकअप उडवा. सेंटर तरी चालू होईल. बाहेर अकरा पेशंट बसलेत.”

“नाही उडवायचं, डॉक्टर.”

“का?”

“जे कळलेलं नाही ते मी उडवत नाही. आणि आता तर मला ते दिसतही नाहीये.”

“तुमच्या साहेबांशी बोलू का?”

“बोला. पण तोवर आठ नंबरचं बटण कुणी दाबायचं नाही.”

फोन परत ताईंकडे गेला. हजारो फोल्डर गेले तर जागा मोकळी व्हायला हवी होती. इथं चित्रं नाहीत आणि जागाही नाही. मी म्हणालो, “एक पायरी वर या. तारखांचे फोल्डर असतील. सगळ्यात जुनी तारीख कोणती?”

त्यांनी तारीख वाचली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“ताई, ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे. दसऱ्याला काय केलं होतं?”

“काय करतो? पूजा केली नं. मशिनीले हार घातला, कीबोर्ड, प्रिंटर, समद्यायले हळदकुंकू वाहिलं.”

“आणि ती बॅकअपची काळी डबी? सर्व्हरला मागून वायरनं जोडलेली?”

“तिले पाटावर मांडलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी ज्याची वस्तू त्यानं नेली. तिले कोनीच मांगितलं नाही. देव्हाऱ्यात असन.”

मग धावपळ, कपाटाचं दार आणि सलीमभाईंचा आवाज, “मिली क्या?”

डबी मिळाली. आपट्याच्या पानांखाली होती, कुंकवासकट.

आता सगळा उलगडा झाला. डिस्क जागेवर नव्हती, पण ‘backup’ नावाचा रिकामा फोल्डर सर्व्हरवर होताच. सर्व्हर बिचारा रोज रात्री त्यातच प्रती ओतत होता, म्हणजे आपल्याच पोटात. आठ-दहा रात्रींत पोट भरलं. आणि ‘जुने’मधले ते तीसेक पेशंट? त्यांची चित्रं दसऱ्यानंतर तिथं हलवलेली होती, दुसरीकडे कुठंच नव्हती. डॉक्टरांचं ऐकलं असतं तर ती कायमची गेली असती.

“फडक्यानं पुसा, तोंडानं फुंका आणि जोडा.”

डिस्क आणि सलीमभाईंचा पेन ड्राइव्ह वापरात घ्यायला दोन ओळी लागल्या. मी अक्षर अक्षर सांगितलं. डाव्या खान्यात डिस्क उघडली, उजव्या खान्यात पेन ड्राइव्ह. ‘जुने’मध्ये कंट्रोल आणि एस दाबून त्यांनी नसीमाबींचा नंबर टाइप केला. पट्टी उडी मारून तिथं गेली.

“हाय सर! हाय!”

“थांबा. आत जाऊन एका फाइलवर तीन नंबर दाबा.”

“हे तं कचरा दिसते. ठिपके, चिन्हं...”

स्कॅनचं चित्र अक्षरांच्या पडद्यावर दिसत नाही. पण फाइलच्या सुरुवातीला पेशंटचं नाव आणि तारीख साध्या अक्षरांत असते. चुकीच्या माणसाचा स्कॅन नागपूरला गेला असता तर ते न गेल्यापेक्षा वाईट झालं असतं.

“कचऱ्यातून वाचा.”

त्या एकेक अक्षर वाचत गेल्या. नसीमाबी शेख. पुढे गेल्या वर्षीची तारीख. सलीमभाई म्हणाले, “वही तारीख. त्या दिवशी मी गॅरेज बंद ठेवलं होतं.”

“बाहेर या. पट्टी फोल्डरवर, डाव्या खान्यातच आहे ना? आता पाच.”

“पाच दाबून राह्यली, काहीच होत नाही.”

“चालू आहे का ते बटण?”

“त्याच्यावर पूजेत पाणी सांडलं होतं वाटते.”

“हरकत नाही. एस्केप दाबा, सोडा, मग अक्षरांच्या वरच्या आकड्यांच्या ओळीतला साधा पाच.”

मिडनाइट कमांडरमध्ये ही सोय आहे. कॉपीची चौकट आली. ताईंनी एंटर मारलं. चौकटीतली पट्टी सरकत शंभर टक्क्यांवर गेली. अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

“सलीमभाई गेले बी सर. चप्पल उलटी घालून गेले.”

पुढचा तास आम्ही सर्व्हरच्या पोटातली चित्रं डिस्कवर हलवली. सहा नंबर, हलवणं. आठ नंबर एकदाही नाही. जागा झाल्यावर सर्व्हर पुन्हा चालू केला, रंगीत स्क्रीन आली, अकरा पेशंट आत गेले.

संध्याकाळी सलीमभाईंचा फोन आला. आवाज जड होता, म्हणून मी घाबरलो.

“डाग तेवढाच हाय साहेब. ऑपरेशन नको म्हणाले. सहा महिन्यानं दाखवा म्हणाले. माय मले म्हणते, आता उसाचा रस पाज.”

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी कॉल रिपोर्ट भरायला सांगितला. त्यात ‘बिघाडाचं कारण’ असा एक रकाना असतो.

“क्लायंटनं डिस्क काढली, असं लिही. आपल्यावर यायला नको,” साहेब म्हणाले.

डिस्क त्यांनी काढली हे खरं. पण डिस्क जागेवर आहे का, हे न पाहताच रोज रात्री लिहीत राहणारा प्रोग्राम माझा होता. तपासणीच्या दोन ओळी मी त्यात घातल्या नव्हत्या. दोनच ओळी. मी रकान्यात तेच लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग बाकीच्या चौदा ठिकाणी?”

“तिथंही तोच प्रोग्राम आहे, साहेब.”

त्या आठवड्यात मी चौदा गावं फिरलो.