हळदी रंगाची लडी

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची, सगळी हयात सोलापुरात सूत रंगवण्यात गेली. बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीच्या रंगालाही ते नावं ठेवायचे. नातीचं लग्न ठरल्यावर त्यांनी घरीच सूत हळदीसारखं पिवळं रंगवलं आणि ओळखीच्या मागावर लाल काठाची साडी विणून घेतली. मामाकडची पिवळी साडी नेसून नवरी बोहल्यावर उभी राहते, त्यासाठी. पुढं महिन्याभरात पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली. लग्न होतं सुरतेला. माझा नवरा मामा म्हणून गेला, नानांपाशी मी राहिले. त्यांचं मागणं एकच होतं, ती साडी नातीच्या अंगावर बघायची.

लग्न इंटरनेटवर थेट दाखवणार होते. मी सकाळी नऊलाच टीव्ही लावला, तर चित्र म्हणजे नुसते चौकोन. नवरी कोणती आणि मांडवाचा खांब कोणता, कळेना. उरलेल्या सुताची लडी उजव्या हातात धरून नाना पडद्याला नाक लावून बसलेले. पिवळं कुठंच दिसत नाही म्हणून मला सारखं विचारत होते. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नेटवाल्याला चार फोन केले. वायफाय भिंतीपलीकडं नीट पोचत नाही, राउटरची वायर थेट टीव्हीला जोडा, म्हणाला. राउटरची कॉम्प्युटरला लावलेली वायर उपटली आणि पलंग एकटीनं सरकवून ती बाहेरच्या खोलीत ओढून आणली, टीव्हीला जोडली. चित्राचा दर्जा 'ऑटो'वरून सगळ्यात वरच्या आकड्यावर नेला. आता चेहरे दिसायला लागले, पण सगळे टोमॅटोसारखे लाल. आमचा टीव्ही दुकानात मांडलेला असतो तसा भडक मोडवर. नवऱ्याला तसाच आवडतो, त्याला कोण सांगणार? सिनेमा मोड लावला, शार्पनेस उतरवला, रंग एकेक आकडा कमी केला. देवा, एवढं एक होऊ दे, असं मी मोठ्यानंच म्हणाले असेन. भटजींचं उपरणं पांढरं दिसलं तेव्हा कुठं थांबले.

कॅमेरा नवरीवर आला. चित्र लख्ख होतं. साडी लिंबाच्या सालीसारखी पिवळी होती आणि काठ हिरवा, जरीचा. मागं माझा नवरा मान खाली घालून उभा होता.

नानांनी लडी पडद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. कशाला ओढून आणली ती वायर, असं मला झालं. मग त्यांनी लडी मांडीवर ठेवली.

"टीव्हीचा रंग बसंना बघ," ते म्हणाले. "साडी तीच हाय."

"व्हय नाना," मी म्हणाले. "ह्या टीव्हीचं असंच हाय."

मंगलाष्टकं सुरू झाली. त्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि रिमोट घेऊन मी सगळं पुन्हा होतं तसं भडक करून ठेवलं.