जितकं लांब तितकं चांगलं

आमची गाय आमची नव्हती. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे मी तिला आमचीच म्हणणार आहे. ती मुलुंडमधल्या एका तबेल्यातली. आई तिला रोज सकाळी तिथून सोडून आणायची, देवळाबाहेरच्या लोखंडी खांबाला बांधायची आणि गवताच्या जुड्या घेऊन शेजारी बसायची. देवळात येणारे लोक तिच्याकडून एक जुडी विकत घेत, गाईला चारत, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावत आणि पुढे कामाला जात. दुपारी देऊळ बंद झालं की आई तिला तबेल्यात पोचवून घरी यायची. आमचं घर यावरच चाललं. मी कॉलेजात गेले तेही यावरच, आणि आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच.

गाय तांबडी होती. गर्दी नसली की ती मागून येऊन आईच्या उजव्या खांद्यावर हनुवटी ठेवायची आणि तशीच रवंथ करत उभी राहायची. आई जुड्या बांधता बांधता तिच्याशी बोलायची. "ते बघ, चष्मेवाले आले. हे फक्त फोटो काढणार, तुला काही देणार नाहीत." आमच्याशी आई एवढं बोलत नसे. बारावीत मी अभ्यासाला तिथेच बसायचे. एकदा गाईने माझ्या जर्नलचं पान खाल्लं. आई हसून म्हणाली, "सांग तुझ्या बाईंना, गाईने खाल्लं. खोटं थोडंच आहे?" मी सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही.

लम्पी आला तेव्हा मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. हा गाईगुरांना होणारा विषाणूचा आजार. ताप येतो, अंगभर गाठी उठतात, जनावर खाणं सोडतं. माशा, डास, गोचीड यांच्यामुळे तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माणसाला तो होत नाही, पण देवळातल्या लोकांना हे कोण सांगणार? "मावशी, हिला ते लम्पी नाही ना?" असं विचारून लोक जुडी लांबूनच टाकायला लागले. हात लावायचे थांबले. मग आईने तिला आणणंच बंद केलं. आई स्वतः तबेल्यात जाऊन तिला चारून यायची.

एके दिवशी आईच्या हाताला गाईच्या मानेवर सुपारीएवढी गाठ लागली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. आई मला घेऊन तबेल्याच्या शेठकडे गेली. "ही कॉलेजात शिकते. हिला विचारा काय करायचं ते."

शेठ उत्तरेकडचे, पण त्यांचा जन्म इथलाच. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. माझ्यासाठी आजवर कुणी खुर्ची मागवली नव्हती. मी मोबाईलवर आलेली सरकारी सूचना काढली आणि मोठ्याने वाचली. आजारी जनावर ताबडतोब वेगळं ठेवावं. शेठनी तबेल्याकडे नजर टाकली. म्हशी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, मध्ये चार-पाच गाई. माणसालाही अंग चोरून जावं लागेल इतकीच जागा.

"वेगळं म्हणजे किती वेगळं, बेटा?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "जितकं लांब तितकं चांगलं."

गुरांच्या डॉक्टर परवा येणार होत्या. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल संपवून मी थेट तबेल्यात गेले, तर आई रिकाम्या खुंट्याजवळ उकिडवी बसली होती. शेठ म्हणाले, "तूच बोलली ना, लांब ठेवा? सकाळी टेम्पोत घातली. शहापूरला भाच्याची शेड आहे, एकदम मोकळी. मावशीला सांगायला वेळच नाही मिळाला." ते मुद्दाम वाईट वागले असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या बाकीच्या जनावरांचा प्रश्न होता आणि त्यांनी माझं ऐकलं होतं.

डॉक्टर आल्या आणि चिडल्या. "तिला हलवलंच कसं? तापातलं जनावर टेम्पोत? आणि तिकडच्या गुरांचं काय? अहो, या कोपऱ्यात मच्छरदाणी लावून, कडुनिंबाचा धूर करून, पाण्याचं भांडं नि माणूस वेगळा ठेवला असता तर भागलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू वाचलंस ते बरोबर होतं गं. पण पूर्ण वाचायचं ना." मी मोबाईल काढला. खाली तीनच ओळींवर लिहिलं होतं की जनावरांची ने-आण करू नये.

घरी जाताना आई माझ्या पुढे चालत राहिली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

गाय वाचली. शेठ फोन करून करून आम्हाला सांगायचे. ताप उतरला, मग पाय सुजले, मग गाठी फुटल्या, मग सुकल्या. तिकडच्या बाकीच्या गुरांना आधीच लस टोचली होती, त्यांना काही झालं नाही. महिन्याभराने एक व्हिडिओ आला, जेमतेम दहा सेकंदांचा. अंगावर वाटोळे डाग, पण पोट भरलेलं. आई बघताना पडद्यावर तिच्या पाठीला बोट लावायची, त्यामुळे व्हिडिओ थांबायचा. "बंद का पडतो हा सारखा?" असं म्हणून ती पुन्हा बोट लावायची.

"कधी आणताय?" तिने शेठना विचारलं.

"मावशी, डाग राहिलेत. देवळात तिला हात कोण लावणार? तुम्ही दुसरी घेऊन जा ना, काळी आहे, गरीब आहे."

आईने दुसरी घेतली नाही. आता ती एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. देवळाबाहेर दुसरी बाई दुसरी गाय घेऊन बसते. त्या रस्त्याने जायची वेळ आली की आई पलीकडच्या फुटपाथवरून चालते. कधी कधी दुपारी लायब्ररीत मला उगीचच ओल्या गवताचा वास येतो. गाईच्या नाकपुडीचा ओलसर स्पर्श माझ्या वहीवर व्हायचा, तो हवासा वाटतो. मग वाटतं, मला एवढं होतं तर आईला किती होत असेल. हे विचारायचं धाडस मला बरेच महिने झालं नाही.

यंदा परीक्षा संपल्यावर मी शेठकडून पत्ता घेतला. आईला म्हटलं, "रविवारी जाऊ या. लोकलने आसनगावला उतरायचं, तिथून शेडपर्यंत रिक्षा. दुपारपर्यंत परत."

"खरंच?" आईने पोळपाट बाजूला ठेवला. पुसलेले हात पुन्हा पुसले. कुठली साडी नेसायची हेसुद्धा ती ठरवायला लागली होती. मग एकदम म्हणाली, "नको."

"का गं? तिने ओळखलं नाही तर, असं वाटतं का तुला?"

"नाही ओळखलं तर चालेल. रुळली म्हणायचं." तिने पोळपाटावरचं पीठ बोटाने पुसलं. "पण ओळखलं तर? दावं ताणून माझ्या मागे यायला लागली तर मी तिथून निघू कशी, सांग."

मला सांगता आलं नाही. या वेळी मी तसं म्हटलं. "माहीत नाही, आई."

तिने मान हलवली आणि पोळपाट पुन्हा पुढे ओढला. तो रविवार गेला, पुढचाही गेला. पत्ता माझ्याकडे आहे. आई अधूनमधून विचारते, रिक्षा अगदी शेडपर्यंत जाते की थोडं चालावं लागतं.