आगेऱ्याची जुडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आगेऱ्यासाठी भाताच्या लोंब्या कापणं. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हा आमचा गोराईचा सण. आजही नव्या पेंढ्याचा वास आला की तीच संध्याकाळ समोर येते. वारा पडलेला, आमचा कुत्रा बांधावरून शेतात उतरेना. माझ्या बायकोला, रोझीला, घाम फुटलेला. तेव्हा मला तो उकाडा वाटला.

“बस झालं, घरी चल,” मी म्हटलं.

“देवाला अर्धी जुडी देणार काय रे, कंजूस?” डावा हात चोळत ती हसली.

रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी तिच्याजवळ तिच्या बहिणीला बसवून मी चर्चला गेलो. आभाराचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. जुडी तेवढी वेदीपुढे ठेवली. अर्धी नव्हती.