नालबंदाच्या वहीतले घोडे

“नालबंद चित्रं काढतो? तो तर नाल ठोकतो ना गं!”

बाई असं म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले थोडी. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ग्वाल्हेरला गोरखी वाड्याजवळ दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या रिसाल्यात नालबंद होते. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, रिसाला मोडला. घोडे लिलावात गेले. आबा घरी बसले. मग एक दिवस वही घेऊन आले आणि कोळशानं एकेक घोडा काढायला लागले. नुसते आठवून. खाली घोड्याचं नाव. बिजली. सुलतान. मैना. कोपऱ्यात स्वतःची सही, मोठेपणी कशीबशी शिकलेली. मैनेचा मागचा खूर नाजूक होता हे सांगताना ते चित्रातल्या खुरापाशी अलगद बोट टेकवायचे.

शाळेत जुन्या फौजेवर हस्तलिखित काढायचं ठरलं. त्याची पानं प्रदर्शनात लागणार होती. बाई म्हणाल्या, घरी काही असेल तर आणा. मी ट्रंकेतून वही काढली नि नेऊन दिली. आबांना विचारलं नाही. शाबासकी हवी होती मला, दुसरं काय!

प्रदर्शनाच्या सकाळी बघते तर पानं फाडून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. घोड्यांची नावं कात्रीनं उडवलेली. सहीचे कोपरेही गेलेले. आणि खाली सुबक अक्षरात, ‘चित्रे: कुमारी शालिनी’. शालिनी सरदारांची मुलगी. तिनं फक्त कडेच्या चौकटी रंगवल्या होत्या.

मी बाईंना सांगितलं, ही आमच्या आबांनी काढलीत. तेव्हा ते हसणं झालं. वर बाई म्हणाल्या, “आणि काढली असली तरी काय? घोडे सरकारचे. तो पगारी नोकर. त्यात त्याचं काय आलं? चल, चुपचाप जागेवर जा.”

गेले. चुपचाप.

दुपारी पालक आले. आबाही आले, बिल्ले काढलेला जुना कोट धुऊन घालून. फलकासमोर उभे राहिले. शालिनीचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मी म्हटलं, “आबा, तुमचं नाव...”

“माझं जाऊ दे बेटा. ह्यांची नावं कुणी कापली?”

“वही मीच दिली बाईंना.”

“मला विचारायचं तरी. मीच दिली असती गं, सगळी नीट लिहून.”

रागावले असते तर बरं झालं असतं. माझा बाप भर शाळेत रडत होता आणि शालिनीची आई नाकाला रुमाल लावून बाजूला सरकली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी सगळे पुठ्ठे ओरबाडून खाली काढले. बाईंनी मनगट धरलं. “सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर उद्यापासून शाळेत यायचं नाही.”

“नाही येणार,” मी म्हटलं. “माफी आबांची मागेन. तुमची नाही.”

मागितली. घरी, पायांवर डोकं ठेवून. आबांनी पाठीवरून हात फिरवला. पण कोळसा पुन्हा हातात घेतला नाही. घोड्यांची नावं सांगा म्हटलं की म्हणायचे, “रहने दे.” ती नावं त्यांच्याबरोबरच गेली. मला तीनच येतात. बाकीचे घोडे माझ्यामुळे बिननावाचे राहिले, हे मी कुणावर ढकलू?

पुढे दुसऱ्या शाळेत शिकले. आता मी मास्तरीण आहे. पोरं प्रकल्पात कुणाची कविता आणतात, कुणाचं चित्र. मी विचारते, कुणी केलं? त्याला विचारलंस? पालक भांडायला येतात. शाळेतलंच तर आहे, एवढं काय त्यात, म्हणतात. असं म्हणणाऱ्यांसमोर मी एकदा मान खाली घालून जागेवर गेले होते. आता जात नाही. करणाऱ्याची परवानगी आणि त्याचं नाव, दोन्ही आल्याशिवाय माझ्या वर्गाच्या भिंतीवर काहीही लागणार नाही. नोकरी गेली तरी नाही.