तीनदा विकलेली कोंबडी आणि याकोबमामा

या माणसाला मी भर सणात, चारचौघांसमोर चोर म्हटलं होतं.

आज सकाळी ते गेले.

याकोबमामा. सुरतेत, गोडादऱ्यात आमच्या पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. मशीन अडलं की मामांना हाक. मूळचे जालन्याकडचे, ख्रिस्ती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एस.वाय.ला कॉलेज सोडलं आणि त्याच कारखान्यात लागलो. घरी सांगितलं, अभ्यास झेपत नाही.

खरं कारण रूथ. मामांची मुलगी. दुपारी डबा घेऊन यायची.

सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. मी जरा जास्तच जोरात म्हणायचो. आमच्या खानदेशात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो ना!

पण माणूस मला पटत नव्हता.

देताना हसायचे.

कुणाची आई आजारी, मामांचा हात खिशात. नवा कारागीर गावाहून आला, मामांची चादर त्याच्याकडे. आणि चेहरा असा, जणू यांनाच काहीतरी मिळालंय!

माझे वडील गणपतीची वर्गणी दिली की दोन दिवस तोंड पाडून बसायचे. देणं म्हणजे असंच असतं अशी माझी समजूत.

वडील म्हणायचे, "फुकटमा कोन कोनले देस? नजर ठेव त्यानावर."

ठेवली. बाहेरून पैसा येतो का? आम्हाला बाटवायचंय का? की कारखान्यातला माल परस्पर विकतात? महिनाभर पाळत ठेवली, हाती काही लागलं नाही.

त्यामुळे संशय अजूनच वाढला. एवढा साफ माणूस सुरतेत? शक्यच नाही.

एक दिवस रूथ म्हणाली, "रविवारी आमचा हंगामाचा सण आहे. येतोस? पण शांत बसायचं हं."

गावाकडे या सणाला पहिलं पीक देवाला वाहतात. सुरतेत कुणाचं शेत? म्हणून ज्याच्या हातून जे निघेल ते. कुणी कापड आणलेलं, कुणी पत्र्यावर चढवलेल्या वेलाचा भोपळा, कुणी अंडी. मामांनी कोंबडी. रूथने स्वतः घातलेलं लिंबाचं लोणचं.

प्रार्थना झाली की सगळ्याचा लिलाव. पुकारणारे मामाच.

मामांची कोंबडी एका बाईने घेतली. दोन मिनिटांत तीच कोंबडी परत टेबलावर! पुन्हा बोली. पुन्हा टेबलावर. तीनदा विकली. आणि दर वेळी लोक टाळ्या वाजवतायत.

माझं डोकं सणकलं. सापडली चोरी!

तेवढ्यात रूथची बरणी आली.

मी दहा म्हटलं. मामा पंधरा. मी वीस. मामा पंचवीस. हसत हसत.

मला वाटलं, पोरीच्या हातचं लोणचंसुद्धा माझ्या हाती लागू द्यायचं नाही याला.

उठलोच. "चोर आहात तुम्ही! एकच कोंबडी तीनदा विकता, वर मुद्दाम भाव चढवता!"

रूथची मान खाली.

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "आरं लेकरा, घेणाराच ती परत देतो. पुन्हा विकावी म्हणून. रीत हाये आमची."

मला काय माहीत यांची रीत!

पण आता माघार कशी घेणार? पंधरवड्याचा अख्खा पगार टेबलावर आपटला. "घ्या! बरणी माझी."

मामांनी बरणी माझ्या हातात दिली. पैसे उचलले आणि माझ्याच खिशात कोंबले.

"हे नको बाबा. रागानं देतोयस तू. उद्या हळहळशील. हसून चार आणे द्यावं वाटलं तर ये."

"आणि तुम्ही कुठून आणता एवढं द्यायला?"

"माझं कुठंय काय? मालक वर हाये. मी नुसता कारभारी. मालकाचं वाटायला कारभाऱ्याच्या जिवावर का यावं?"

मला ती सफाईदार थाप वाटली.

आठवड्याने चहाच्या लारीवर सरळच विचारलं. "मामा, रूथ मला द्याल?"

"ती बी माझी न्हाई रं द्यायला. सांभाळायला मिळालीय. तिलाच इचार."

"म्हणजे नाही."

"म्हणजे तिला इचार."

टाळतायत, असंच वाटलं. तरी विचारलं. भर दुपारी, खाडीच्या पुलावर.

रूथ म्हणाली, "आवडतोस तू मला. पण तुला कुणी काहीही दिलं की तू उलटं करून बघतोस, खाली काय लपवलंय. माझं प्रेमही तसंच बघशील. मला जन्मभर झडती नाही द्यायची."

आणि गेली. मागे वळलीसुद्धा नाही.

माझी खात्री होती, हे वाक्य बापाने पढवलंय.

मी कारखाना बदलला. सुरतेबाहेर सचिन गावाला गेलो. रूथ लग्न होऊन नाशिकला. माझंही लग्न झालं, पोरं झाली. मामा रस्त्यात दिसले की हात करायचे. मी दुसरीकडे बघायचो. सायकल थांबवून उभे राहायचे ते, मी बघेपर्यंत. मी बघायचो नाही.

किती वर्षं? मोजवत नाही.

आज रूथचा फोन. इतक्या वर्षांनी पहिला.

"बाबा गेले. तुला नक्की कळव म्हणाले होते."

आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"का? काय हवं होतं त्यांना माझ्याकडून?"

रूथ म्हणाली, "काही नाही रे. तू आवडायचास त्यांना."

खरं सांगतो, फोन ठेवल्यावरही पाच मिनिटं मी विचार करत होतो, हे आता का सांगितलं असेल हिने.

मग बायकोला म्हटलं, शर्ट काढून दे. जाऊन येतो.

मामा, चार वाजता माती आहे म्हणाली रूथ.

येतोय. सुखाने जा.