मुलीच्या सामानाचं कोटेशन

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांची घरं हलवतात. एक ट्रक, चार हमाल आणि मी. काचसामान बांधायचं काम माझ्याकडे. तीस वर्षांत माझ्या हातून एकच फुलदाणी फुटली, आणि तीही मुळात कुरूप होती. पण वादात हरायची वेळ आली की भाऊजी अजून ती फुलदाणी काढतात.

त्यांची आवडती गोष्ट एकच. एकोणिसाव्या वर्षी आपण एक ट्रंक घेऊन घर सोडलं. ही ट्रंक आम्ही इतक्या वेळा ऐकलीये की तिचं कुलूपसुद्धा आम्हाला पाठ आहे. ऐकवायची असते माझ्या भाचीला. वय तीस, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, हिचं दात करून चांगलं भरतं. राहते मात्र आईबापांकडे, शाळेपासूनच्याच खोलीत.

“तुझ्या वयात माझ्या अंगावर संसार होता,” भाऊजी म्हणणार.

“तुमच्या वेळी खोलीचं भाडं चिल्लरीत यायचं,” ती म्हणणार. “आता निम्मा पगार घरमालकाच्या घशात घालायचा, आणि वर स्वयंपाक हाताने करायचा. त्यात कसलं शहाणपण?”

खरी गंमत पुढेच आहे. भाची दर महिन्याला घरखर्चाचं पाकीट फ्रिजवर ठेवायची आणि भाऊजी ते गुपचूप तिच्या पर्समध्ये परत सरकवायचे. पोरीचा पैसा घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत, आणि फुकट राहते म्हणून टोमणे मारायचे! मी एकदा तसं बोललो, तर त्यांनी फुलदाणी काढली.

एका रविवारी जेवायला पाहुणे होते. भाऊजी त्यांना म्हणाले, “आमच्या बाईसाहेब अजून बापाच्या जिवावर आहेत.” चेष्टेत म्हणाले, पण भाचीचा घास हातातच राहिला. आठवड्याच्या आत तिने लॅबजवळ दोन खोल्या बघितल्या, अनामत भरली आणि वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

“मला माझं सामान हलवायचंय. गिऱ्हाईक म्हणून. कोटेशन द्या.”

“बापाकडे कोटेशन मागतेस?”

“नाही दिलंत तर दुसरा ट्रक बोलावते.”

हे मात्र वर्मी लागलं. दुसऱ्याचा ट्रक यांच्या दारात! भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या खोलीत यादी करायला शिरले. टेप मी धरली. पलंग, कपाट, टेबल, पुस्तकांची आठ खोकी. एरवी दहा मिनिटांचं काम, भाऊजींना पाऊण तास लागला. कपाट तर त्यांनी तीनदा मोजलं. मग कागद भाचीच्या हातात दिला, आणि आकडा वाचून तिचे डोळेच पांढरे झाले.

“बाबा, एवढ्यात अख्खी बिल्डिंग हलेल!”

“नाजूक सामान आहे.”

“एवढे साठवायला मला वर्ष लागेल.”

“मग थांब की वर्षभर,” भाऊजी म्हणाले.

दहा वर्षं घर सोड, घर सोड म्हणणारा माणूस हाच! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला हसू येत होतं आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. दारात उभी असलेली ताई मात्र खुशाल हसली. “अहो, पोरगी तुमचंच ऐकतेय,” ती म्हणाली, “आता का रडताय?”

“रडतंय कोण?” भाऊजी खेकसले आणि पलंगावर बसले.

भाची त्यांच्याशेजारी टेकली. “मी रागावून जात नाहीये. म्हणजे, आधी होते रागावलेली. पण तिथे भाडं मी देणार, आणि कोणी ते माझ्या पर्समध्ये परत घालणार नाही. मला तेवढंच हवंय, बाबा.”

भाऊजींनी कागद मागून घेतला, आकडा खोडला आणि नेहमीचा दर लिहिला. सूट एका पैशाचीही दिली नाही. मला त्या दिवशी भाऊजी फार आवडले.

शनिवारी सामान हललं. दुपारपर्यंत नव्या खोलीत पलंग लागला, कपाट उभं राहिलं. भाचीने ठरलेले पैसे वडिलांपुढे धरले. ताई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊजींनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि रीतसर पावती फाडून दिली. भाचीने ती वाचली, नीट घडी केली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की हमालसुद्धा हसायला लागले.

निघताना भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, तेच त्यांनी तिलाही विचारलं. “नीट बघून घ्या, काही मोडलं का? नंतर तक्रार चालणार नाही.”

“माझं काही नाही मोडलं,” भाची म्हणाली. “बाबा, तुमचं?”

“थोडंसं,” ते म्हणाले. “पण तक्रार नाही.”